करडी पट्टी कुठून येते?

वाचकांचे प्रश्न : उंच फुग्यावरून येणारी रेडिओ-चित्रं

लॅटेक्सचा फुगा, त्याखाली पॅराशूट, त्याखाली थर्माकोलची पेटी आणि पेटीत कॅमेरा, जीपीएस व बोटभर ट्रान्समीटर. असा फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर वेगाने चढतो, पावणेदोन तासांत ३० किलोमीटरच्या आसपास पोचतो, तिथे फुटतो आणि पेटी खाली येते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, युरोपात हौशी मंडळी हे वर्षानुवर्षं करत आहेत. पेटी सापडेपर्यंत न थांबता कॅमेऱ्यातली चित्रं उड्डाण चालू असतानाच रेडिओवरून खाली पाठवायची आणि जमिनीवर ज्याला ऐकू येईल त्याने ती उतरवून घ्यायची, हा त्यातला सगळ्यात आनंदाचा भाग. या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : लेस्टरजवळ राहतो. ४३४ मेगाहर्ट्झवर ३०० बॉड (सेकंदाला ३०० बिट) आरटीटीवायने (दोन सुरांनी शून्य-एक पाठवण्याच्या पद्धतीने) येणारं फुग्याचं चित्र पहिल्यांदाच लॅपटॉपवर उतरवलं. ढग ओळखू येतात, क्षितिजाचा बाक दिसतो, पण मधे मधे करड्या पट्ट्या आहेत. अँटेना बदलू का? आणि असं भोकं पडलेलं चित्र सर्व्हरवर पाठवण्यात काही अर्थ आहे का? (एक वाचक, लेस्टर, इंग्लंड)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे: पाठवाच. कितीही भोकं असली तरी पाठवा. कारण कळायला पट्टी जवळून बघावी लागेल.

आरटीटीवायवरून पाठवण्यासाठी चित्र ज्या पद्धतीने तुकड्यांत बांधतात तिचं नाव एसएसडीव्ही. ती फिलिप हेरन यांनी तयार केली. नेहमीच्या जेपेग फाइलची खोड अशी, की मधला एक बाइट बिघडला तर त्यापुढचं सगळं चित्र सरकतं किंवा रंग सोडतं. एसएसडीव्ही तेच जेपेग २५६ बाइटच्या पॅकेटांमध्ये असं चिरते, की प्रत्येक पॅकेट स्वतःच्या पायावर उभं राहतं. सुरुवातीच्या १५ बाइटांत पाठवणाऱ्याचं हाक-नाव (कॉलसाइन), चित्राचा क्रमांक, पॅकेटचा क्रमांक, चित्राची लांबी-रुंदी आणि 'माझ्यातला पहिला चौकोन चित्रात अमुक जागी बसतो' ही खूण असते. पुढे २०५ बाइट चित्राचे, ४ बाइट तपासणीचे आणि शेवटचे ३२ बाइट चुका दुरुस्त करण्यासाठी. या ३२ बाइटांच्या जोरावर पॅकेटमधले १६ पर्यंत चुकीचे बाइट दुरुस्त होतात. १७ चुकले की तपासणीची बेरीज जुळत नाही आणि आख्खं पॅकेट टाकून दिलं जातं. म्हणून या चित्रात जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येत नाहीत. तुकडा एक तर बिनचूक असतो, नाही तर नसतोच. नसतो तिथे करडी पट्टी.

आता तुमची पट्टी मोजा. ३२० गुणिले २४० ठिपक्यांच्या चित्रात १६ गुणिले १६ ठिपक्यांचे ३०० चौकोन असतात. चित्र ६० पॅकेटांत आलं असेल तर एका पॅकेटात सरासरी ५ चौकोन, म्हणजे ८० ठिपके लांब आणि १६ ठिपके उंच असा तुकडा. मात्र हे सरासरीचं गणित. वरच्या काळ्या आकाशात तपशील नसल्याने तिथे एका पॅकेटात कितीतरी जास्त चौकोन मावतात, आणि कापसासारख्या ढगांत दोन-तीनच. त्यामुळे आकाशातली पट्टी लांबलचक दिसली म्हणून घाबरू नका. तेही एकच पॅकेट असू शकतं.

पॅकेट का हरवतं? ३०० बॉडला, प्रत्येक बाइटमागे १ स्टार्ट बिट, माहितीचे ८ बिट आणि २ स्टॉप बिट धरून, एक पॅकेट जायला ९.४ सेकंद लागतात. दोऱ्यावर लटकलेली पेटी लंबकासारखी झुलते, तिची अँटेना क्षणभर तुमच्यापासून तिरपी होते आणि सिग्नल बुडतो. साडेनऊ सेकंदांतल्या अर्ध्या सेकंदाची बुडी १४ बाइटांच्या आसपास जाते, म्हणजे दुरुस्तीच्या मर्यादेला टेकते. आणि इथेच अर्धवट चित्राची किंमत कळते. पेटी तुमच्यापासून तिरपी झाली तेव्हा नॉर्विचच्या माणसाकडे ती सरळ असेल. तुमच्याकडून ७० टक्के पॅकेटं आली, त्याच्याकडून वेगळी ७० टक्के आली, तर दोघांची मिळून ९१ टक्के भरतात आणि तिसरा आला की ९७. सर्व्हर पॅकेटच्या क्रमांकावरून जोडणी आपोआप करतो. पूर्ण चित्र सहसा एकट्या अँटेनाचं नसतंच. तुमच्याकडे आलेलं एकच पॅकेट नेमकं तेच असू शकतं जे बाकी कोणाला मिळालं नाही.

अँटेना बदलायची का ते नंतर बघू. आधी सिग्नल चांगला ऐकू येत असतानाही पट्ट्या पडतात का ते पाहा. तसं असेल तर दोष बहुधा लॅपटॉपच्या आवाजाच्या वाटेत आहे. त्याबद्दल पुढचंच उत्तर वाचा.

प्रश्न : एसडीआरच्या (संगणकावर चालणाऱ्या रेडिओच्या) धबधब्यावर, म्हणजे सिग्नलच्या सरकत्या आलेखावर, दोन समांतर रेघा स्वच्छ दिसतात, कानाला तो किणकिणाट येतो, पण प्रोग्रॅममध्ये नुसता कचरा उमटतो. (बर्मिंगहॅम)

चुका बहुतेक वेळा याच क्रमाने सापडतात. पहिली, मोड. आरटीटीवायसाठी रिसीव्हर यूएसबी म्हणजे वरच्या साइडबँडवर (संगणकाची यूएसबी नव्हे) हवा, एफएमवर नाही. फिल्टर ३ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. चुकून खालच्या साइडबँडवर असाल तर दोन्ही रेघा दिसतील पण शून्याचे एक आणि एकाचे शून्य होतील. प्रोग्रॅममधलं 'उलटा' हे बटण त्याचसाठी आहे. दुसरी, बिटांची संख्या. नुसती अक्षरं पाठवणारे फुगे ७ बिट वापरतात, चित्रासाठी ८ लागतात. ७ वर ठेवलंत तर ठिकाणाच्या ओळी कदाचित वाचता येतील, चित्र कधीच नाही. तिसरी, दोन रेघांमधलं अंतर. ते डोळ्याने नीट मोजून प्रोग्रॅममध्ये तेवढंच भरा.

हे सगळं बरोबर असूनही पॅकेटं गळत असतील तर आवाजाची वाट तपासा. एसडीआरच्या प्रोग्रॅममधून आभासी केबलने आवाज डिकोडरला जात असेल तर दोन्हीकडे सेकंदाला ४८,००० नमुने हाच दर असू द्या. विंडोजची 'आवाज सुधारणारी' प्रत्येक सोय बंद करा. ती माणसाच्या बोलण्यासाठी आहे आणि सिग्नल चेपून टाकते. स्क्वेल्च (सिग्नल क्षीण झाला की आवाज तोडणारी सोय) बंद. लॅपटॉपचा वीज वाचवणारा मोडही बंद. प्रोसेसर मंदावला की आवाजाचे बारीक तुकडे गळतात, कानाला कळत नाही, पण पॅकेटला कळतं.

आणि वारंवारता सरकते तिच्यावर लक्ष ठेवा. ब्रिटनवर ११ किलोमीटरच्या आसपास बाहेरचं तापमान उणे ५० अंशांच्याही खाली जातं. ट्रान्समीटरमध्ये तापमान सांभाळणारा क्रिस्टल नसेल तर सिग्नल काही किलोहर्ट्झ सहज घसरतो. उलट डॉपलरची, म्हणजे फुग्याच्या वेगामुळे वारंवारता बदलण्याची, चिंता इथे नको. सेकंदाला ५ मीटर चढणाऱ्या फुग्याने ४३४ मेगाहर्ट्झवर फक्त ७ हर्ट्झचा फरक पडतो. घसरण तुमच्या बाजूनेही असते. स्वस्त आरटीएल डोंगल (लॅपटॉपला लावायचं छोटं एसडीआर) ५० पीपीएमने (दहा लाखांत ५० भागांनी) चुकलं तर जवळपास २२ किलोहर्ट्झ दूर दाखवतं. ते उड्डाणाआधी २० मिनिटं चालू ठेवून तापू द्या. तापमान सांभाळणारा १ पीपीएमचा क्रिस्टल असलेलं डोंगल घेतलंत तर चूक साडेचारशे हर्ट्झच्या आत राहते. डिकोडरची आपोआप पाठलाग करणारी सोय वापरा, पण सिग्नल बुडाला की ती शेजारच्या खरखरीमागे पळते. बुडी लांबली तर ती बंद करून हाताने परत आणा.

प्रश्न : रास्पबेरी पायला (छोट्या संगणकाला) ४३३ मेगाहर्ट्झचं लोरा (लांब पल्ल्याच्या डिजिटल रेडिओचं) मॉड्यूल लावलं आहे. फुग्याचं ठिकाण, उंची नियमित येते. चित्राचं एकही पॅकेट मात्र येत नाही. (रेडिंग)

ठिकाण येतं म्हणजे अँटेना, सोल्डर आणि मॉड्यूल ठणठणीत आहे. फरक मोडचा असणार. 'पाय इन द स्काय' (रास्पबेरी पायवर बसणारा फुग्याचा ट्रान्समीटर) आणि त्या धर्तीच्या संचांत मोड ० हा हळू आणि लांब पल्ल्याचा असतो: स्प्रेडिंग (सिग्नल किती लांबवून पाठवायचा तो आकडा) ११, बँडविड्थ २०.८ किलोहर्ट्झ. चित्रासाठी मोड १ वापरतात: बँडविड्थ तीच, पण स्प्रेडिंग ६, म्हणजे सेकंदाला सुमारे १,५०० बिट. लोराचं एक मॉड्यूल एका वेळी एकच मोड ऐकतं. पेटीत दोन ट्रान्समीटर असतील, एक ठिकाण सांगणारा आणि एक चित्राचा, तर तुमच्याकडेही दोन मॉड्यूल लागतील किंवा एकाला चित्रावर बसवावं लागेल.

मोड हाताने भरत असाल तर एक खाचखळगा आहे. या चिपवर स्प्रेडिंग ६ फक्त 'अध्याहृत हेडर'वर चालतं, म्हणजे पॅकेटची लांबी पॅकेटमध्ये लिहिलेली नसते, रिसीव्हरला आधीच माहीत असावी लागते. ती २५५ भरा. एसएसडीव्हीचं पॅकेट २५६ बाइटचं, पण लोराचं जास्तीत जास्त २५५ मावतं. म्हणून सुरुवातीचा ठरावीक बाइट पाठवतच नाहीत, रिसीव्हर तो स्वतः जोडतो. इथे २५६ भरणारे खूप जण अडकतात.

दुसरं, २०.८ किलोहर्ट्झच्या अरुंद पट्टीत दोन्ही बाजूंच्या क्रिस्टलमध्ये ५ किलोहर्ट्झच्या पलीकडे फरक पडला की मॉड्यूल बहिरं होतं. ठिकाणाचा संदेश आला की वारंवारतेतली चूक किती ते प्रोग्रॅम दाखवतो. तेवढी दुरुस्ती चित्राच्या मॉड्यूललाही द्या. लोराने तेच ६० पॅकेटांचं चित्र दीड मिनिटात उतरतं. आरटीटीवायला साडेनऊ मिनिटं लागतात.

प्रश्न : इथली होरस प्रकल्पाची (फुगे उडवणाऱ्या हौशी गटाची) मंडळी वेनेट या वेगवान पद्धतीने मोठी, सुस्पष्ट चित्रं पाठवतात. माझ्याकडे आरटीएल डोंगल आणि छतावर साधा उभा अँटेना आहे. फुगा ८०-९० किलोमीटरवर असताना चित्र येतं, मग बंद पडतं. ॲम्प्लिफायर लावला, तर आणखी वाईट झालं. (ॲडलेड, दक्षिण ऑस्ट्रेलिया)

या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतच नीट कळतं, म्हणून आकडे मांडतो.

४३४ मेगाहर्ट्झच्या आसपास मोकळ्या आकाशात १०० किलोमीटरला सिग्नल १२५ डेसिबलने घटतो (दर १० डेसिबलला दहापट घट), ५०० किलोमीटरला १३९ ने. ३०० बॉडच्या आरटीटीवायला ही घट सहज परवडते. १० मिलिवॉटचा फुगा साध्या उभ्या तारेवर ५०० किलोमीटरवरून वाचता येतो, कारण ऊर्जा फक्त ३०० बिटांत वाटली जाते. वेनेट तीच ऊर्जा सेकंदाला १,१५,१७७ बिटांत वाटतं. फरक जवळजवळ २६ डेसिबलचा. त्या मोबदल्यात सेकंदाला सुमारे ७० किलोबिट कामाची माहिती मिळते, अडीचशे किलोबाइटचं चित्र अर्ध्या मिनिटात येतं. ५० मिलिवॉटचा ट्रान्समीटर आणि साधा उभा अँटेना धरला तर १०० किलोमीटरला जेमतेम काम होतं. तुमचा अनुभव गणिताशी तंतोतंत जुळतो, तुमचं काही चुकलेलं नाही.

पल्ला वाढवायचा तर क्रमाने असं करा. आधी केबल. डोंगल घरात आणि अँटेना छतावर असेल तर मधल्या १० मीटर आरजी-५८ केबलमध्येच साडेतीन ते चार डेसिबल जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल. जाड, कमी घटीची केबल एका डेसिबलच्या आत नेते. टीव्हीची आरजी-६ केबलही चालते. ती ७५ ओहमची असली तरी न जुळण्याचा तोटा ०.२ डेसिबलहून कमी, आणि १० मीटरला घट दीड डेसिबलच्या आसपास. सर्वांत उत्तम म्हणजे डोंगल आणि पाय डब्यात घालून अँटेनाखालीच ठेवायचा आणि खाली नेटवर्कची तार आणायची.

मग यागी, म्हणजे एकाच दिशेने ऐकणारा अनेक काड्यांचा अँटेना. ७ घटकांचा यागी साधारण १० डेसिबल देतो, म्हणजे पल्ला तिप्पट. तो उभा धरा, घटक जमिनीला काटकोनात. फुग्याची अँटेना उभी असते, यागी आडवा धरलात तर २० डेसिबलपर्यंत तोटा होतो आणि सगळी कमाई जाते. झोत चांगला रुंद असतो, त्यामुळे मोटर लागत नाही. दर दहा मिनिटांनी नकाशावर फुग्याची दिशा बघून हाताने फिरवलं तरी पुरतं.

आता ॲम्प्लिफायर. तो केबलच्या वरच्या टोकाला, अँटेनाजवळ हवा. डोंगलजवळ लावलात तर केबलने आधीच खाल्लेलं परत येत नाही, फक्त खरखर मोठी होते. आणि 'आणखी वाईट झालं' याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: शहरातली एफएम केंद्रं आणि आसपासचे वायरलेस ट्रान्समीटर २० डेसिबलने फुगून डोंगलमध्ये शिरले आणि ते गुदमरलं. ॲम्प्लिफायरच्या आधी त्या पट्टीचा फिल्टर लावा, किंवा फिल्टर आतच असलेला घ्या. डोंगलचं आपोआप गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) बंद करून हाताने कमी करत जा. खरखर जितकी खाली जाते त्यापेक्षा सिग्नलचे दोन उंचवटे कमी खाली जात असतील तर तुम्ही योग्य दिशेने आहात. डोंगलमधूनच ॲम्प्लिफायरला वीज देत असाल तर ती वीज अँटेनापर्यंत पोचत नाही ना हे पाहा. काही अँटेना आतून शॉर्ट असतात.

ऑस्ट्रेलियात वेनेट बहुतेक वेळा ४४३.५ मेगाहर्ट्झवर असतं. नव्या ट्रान्समीटरांत ९६,००० बॉडही वापरतात. दर चुकीचा भरला तर उंचवटे सुंदर दिसतील आणि पॅकेट शून्य, तेव्हा उड्डाणाच्या सूचनेतला दर आधी वाचा. डोंगल सेकंदाला नऊ लाखांहून अधिक नमुने ढकलतं. त्यातले गळू नयेत म्हणून ते यूएसबी हबवर इतर उपकरणांबरोबर लावू नका.

प्रश्न : फुग्यासाठी अँटेना घरी करता येईल का? मापं द्यावीत. (चिंचवड, पुणे)

हो, आणि तासाभरात. पॅनेलवर बसणारं एसओ-२३९ सॉकेट, दोन मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दीड मीटर, चार छोटे नट-बोल्ट. ४३४.५ मेगाहर्ट्झसाठी मधली उभी तार १६.४ सेंटीमीटर, सॉकेटच्या वरच्या कडेपासून मोजून. ती मधल्या पिनेत सोल्डर करा. चार कोपऱ्यांतल्या भोकांना साडेसतरा सेंटीमीटरच्या चार तारा, खाली ४५ अंशांत वाकवून. वाकवण्याला कारण आहे: आडव्या ठेवल्या तर अँटेना ३५ ओहमच्या जवळपास भरते, ४५ अंशांत खाली झुकवल्या की ५० ला येते. तार थोडी लांब कापून मग नखभर नखभर छाटा, आखूड कापलेली परत वाढत नाही. पावसाळ्याआधी सॉकेटच्या वरच्या फटीत सिलिकॉन भरा. त्या फटीतून पाणी केबलच्या जाळीत उतरतं आणि केबल हळूहळू आतून काळी पडते.

तीच रचना हवामानाच्या फुग्यांसाठी, ४०३ मेगाहर्ट्झला, १७.७ सेंटीमीटरची, अंतराळ स्थानकाच्या १४५.८ मेगाहर्ट्झसाठी ४९ सेंटीमीटरची. ४९ सेंटीमीटरची तार ४३४ वरही ऐकते, कारण तिथे ती पाऊण तरंगाची होते. पण तिचा झोत वर उचलला जातो आणि क्षितिजाजवळचा दूरचा फुगा नेमका हातून जातो.

एक गोष्ट अँटेना कितीही चांगली केली तरी बदलत नाही. फुगा बरोबर डोक्यावर आला की सिग्नल पडतो, कारण उभ्या तारेच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच जात नाही. त्या दहा मिनिटांत अँटेना मोडली असं समजून छतावर चढू नका.

प्रश्न : महाराष्ट्रातून असे फुगे क्वचितच उडतात. मग सराव कशावर करायचा? (नागपूर)

तुमच्या शहरातूनच करता येईल. हवामान खात्याचे रेडिओसाँड (हवा मोजून रेडिओवरून कळवणारे फुग्याखालचे यंत्र) नागपूर, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, पणजी अशा केंद्रांवरून सोडले जातात आणि ४०० ते ४०६ मेगाहर्ट्झच्या पट्टीत बोलतात. जगभरच्या निरीक्षणाच्या वेळा भारतीय वेळेने पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. फुगा त्याच्या थोडा आधी सुटतो. त्यात चित्र नसतं, पण चढणारा, झुलणारा, दूर जाणारा, वारंवारता सरकवणारा खरा फुगा असतो. अँटेना, केबल, गेन यांची परीक्षा याहून चांगली होत नाही.

चित्राचा सराव आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर करा. वर्षातून काही ठरावीक दिवशी तिथून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एफएमने चित्रं येतात, बहुधा पीडी-१२० पद्धतीने, एक चित्र सव्वादोन मिनिटांच्या आत. ही जुनी ॲनालॉग पद्धत. सिग्नल बुडाला तर इथे करडी पट्टी न येता मुंग्या येतात. साध्या हॅण्डसेटपाशी मोबाइल धरून रोबोट-३६ ॲपने ती उतरते. स्थानकाच्या वेगामुळे इथे डॉपलर साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत जातो, पण एफएमची पट्टी रुंद असल्याने बहुधा न फिरवताही निभतं.

तिसरा मार्ग घरबसल्या. एसएसडीव्हीचा प्रोग्रॅम मोफत आहे. स्वतःचा एक फोटो ३२० गुणिले २४० करून त्याची पॅकेटं बनवा (दोन्ही मापांना १६ ने नि:शेष भाग जायला हवा), मग मधली चार-पाच पॅकेटं मुद्दाम काढून टाका आणि उरलेली परत चित्रात बदला. करडी पट्टी कुठे आणि किती लांब पडते ते एकदा हाताने केलं की पुढे कोणत्याही चित्राकडे पाहून काय हरवलं ते सांगता येतं.

उड्डाणाच्या दिवशी रेकॉर्डिंग चालू ठेवाच. आवाजाचं रेकॉर्डिंग तासाला साडेतीनशे मेगाबाइट घेतं. एसडीआरचं कच्चं रेकॉर्डिंग सेकंदाला दहा लाख नमुन्यांनी तासाला ७ जीबीच्या वर जातं. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, म्हणजे ३६ व्या मिनिटाला रेकॉर्डिंग गुपचूप थांबतं आणि फुगा फुटतानाचा भाग जातो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा गट स्वतःचा फुगा सोडू पाहतो आहे. चित्रं पाठवताना काय सांभाळावं? (कोल्हापूर)

परवानग्या आधी. मानवरहित फुग्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि हवाई नियंत्रणाची संमती, आणि ट्रान्समीटरसाठी दूरसंचार विभागाचा हॅम (हौशी रेडिओ) परवाना असलेली व्यक्ती गटात. भारतात ७० सेंटीमीटर तरंगलांबीचा हौशी पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ इतकाच आहे. ऑस्ट्रेलियातला ४४३.५ चा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

पेटीत सगळ्यात जास्त घात जीपीएसचा होतो. रास्पबेरी पायची कॅमेऱ्याची चपटी पट्टी जीपीएसच्या वारंवारतेवर खरखर सोडते. दोन्ही पेटीच्या विरुद्ध टोकांना ठेवा, जीपीएस वर आकाशाकडे. यू-ब्लॉक्सचं जीपीएस मॉड्यूल नेहमीच्या मोडमध्ये १२ किलोमीटरच्या वर ठिकाण देणं थांबवतं. सुरू होताना त्याला 'उड्डाण' मोडचा आदेश द्या, आणि मधे वीज गेली तर तो परत दिला जाईल असा प्रोग्रॅम लिहा. बॅटरी लिथियमच्या प्राथमिक (पुन्हा चार्ज न होणाऱ्या) सेलच्या. अल्कलाइन सेल थंडीत मान टाकतात.

कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर कायम करा. काळ्या आकाशाकडे बघत फोकस शोधणारा कॅमेरा उड्डाणभर धूसर चित्रं देतो. भिंगापुढे काच लावू नका, तिच्यावर दंव धरतं. पेटी फिरत असते, त्यामुळे सूर्यासमोरचं, नुसत्या आकाशाचं अशी निकामी चित्रंही निघतात आणि पाठवायला वेळ थोडा. यावर 'पाय इन द स्काय'मधली युक्ती साधी आणि नामी आहे: एक चित्र पाठवलं जात असताना आठ-दहा काढून ठेवायची आणि ज्याची जेपेग फाइल सर्वांत मोठी ते पुढे पाठवायचं. तपशील जास्त तर फाइल मोठी, त्यामुळे नुसतं काळं आकाश आपोआप मागे पडतं.

हाक-नाव सहा अक्षरांच्या आत ठेवा, जास्तीचं मावत नाही. चित्राचा क्रमांक कार्डावर लिहून ठेवा. नाहीतर पाय मधेच पुन्हा सुरू झाला की क्रमांक शून्यापासून लागतो आणि जमिनीवर नव्या चित्राचे तुकडे जुन्या चित्रात जाऊन बसतात: वर ढग, खाली पॅराशूट. दर काही पॅकेटांनंतर ठिकाणाची एक ओळ पाठवा. चित्रासाठी ठिकाण अडवून ठेवलेली पेटी सापडत नाही.

आणि ऐकणाऱ्यांना आधी सांगा. वारंवारता, मोड, वेग, सुटण्याची वेळ, चारही गोष्टी. ३० किलोमीटरवरून रेडिओ क्षितिज ६०० किलोमीटरच्या पलीकडे जातं. कोल्हापूरच्या फुग्याला मुंबई, हैदराबाद, बंगळूरमधले हॅम ऐकू शकतात, पण माहीत असेल तरच. ठिकाणाच्या नकाशासाठी २०२२ मध्ये हॅबहब हे संकेतस्थळ बंद झाल्यापासून साँडहब या संकेतस्थळाचा हौशी विभाग वापरतात. उड्डाणाआधी पेटी अंगणात ठेवून तिथली ओळ नकाशावर उमटते का ते पाहा. फुगा उतरताना ३०० मीटरवर आला की क्षितिज ७० किलोमीटरपर्यंत आक्रसतं आणि डोंगर असतील तर त्याहून कमी. शेवटचं ठिकाण मिळवायचं तर एक गाडी, यागीसह, उतरण्याच्या अंदाजाच्या जागेजवळ आधीच उभी हवी.

प्रश्न : शेतात पॅराशूट लागलेली पेटी पडली तर काय करावं? (सोलापूर जिल्हा)

हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधनाचे मोठे फुगे उडतात आणि त्यांची उपकरणं महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांतही उतरतात. पेटीवर पत्ता आणि सूचना चिकटवलेली असते. पेटी उघडू नका, हलवू नका, मुलांना दोऱ्यांपासून दूर ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा पोस्टाला कळवा. हवामान खात्याचा रेडिओसाँड म्हणजे मुठीएवढी ते टिफिनएवढी हलकी पांढरी डबी. तिच्यावरची सूचना वाचून तसं करा. फुग्याचा फाटका लॅटेक्स मात्र गोळा करून टाका, गुरांच्या पोटात जाऊ देऊ नका.